चार मुलं आणि एक सोऱ्या

आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळीत नाच आटोपले, नाटुकलं झालं, की सूत्रसंचालक आयांकडे वळतो. नोकरी, घर, मुलं, मराठी शाळा असं सगळं सांभाळून सण साजरे करणाऱ्या आपल्या सुपरमॉम्ससाठी जोरदार टाळ्या! टाळ्या पडतात, कोणीतरी गुलाब वाटतं, 'त्याग' हा शब्द एकदा तरी येतोच, आणि मग सगळे केटररच्या रांगेत जाऊन उभे राहतात. मला चार मुलं असल्यामुळे त्या टाळ्यांत माझ्या वाट्याला थोडी कणवही येते. "चार? आणि इथे, अमेरिकेत? कसं गं जमवतेस?"

या टाळ्यांबद्दल माझी तक्रार आहे. दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंतचे दिवस म्हणजे माझ्या वर्षातला सर्वांत मजेचा काळ. मी दमते, चिडते, कधी कधी गाडीत एकटीच जाऊन बसते. पण त्यागबिग काही करत नाही. आईला एकदा देवी करून चौरंगावर बसवलं की बाकीच्यांचे हात आपोआप मोकळे होतात. मग तिची दया येऊन आपण तिचं कामच बाजारातून आणतो: फराळाचे डबे, तयार कंदील, शनिवारचा हॉल. कामाबरोबर त्यातली मजाही जाते, हे कोणी लक्षात घेत नाही. आईला कामातून सोडवू नका, कामात तिच्या शेजारी बसा, एवढंच मला सांगायचं आहे. आता ते जरा सविस्तर.

२०२४ची दिवाळी आठवून पाहा. महाराष्ट्रातल्या पंचांगांत लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला होतं. इथे पूर्व किनाऱ्यावर अमावास्या ३१ ऑक्टोबरला सकाळी लागली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी संपलीसुद्धा, म्हणजे पूजा ३१च्या संध्याकाळी. त्याच दिवशी हॅलोवीन. न्यूयॉर्क शहराच्या सरकारी शाळांना दिवाळीची पहिलीवहिली सुट्टी मिळाली ती १ तारखेची. नदीच्या अलीकडे, न्यू जर्सीतल्या आमच्या गावात, ३१ला शाळा आणि शाळेत वेशभूषेची मिरवणूक. सूर्यास्त सहाच्या जरा आधी. प्रदोषकाळ आणि दारोदार गोळ्या-चॉकलेटं मागत फिरायची वेळ अगदी एकच. व्हॉट्सॅपवर दोन दिवस खल चालला होता की यंदा पूजा कधी करायची, मुलांना काय सांगायचं, आणि मंडळाने सगळंच पुढच्या शनिवारी घेतलंय तर घरी परत कशाला?

घरी केलं म्हणून सांगते. पहाटे अंधारात उटणं लावायला चौघं ओळीने पाटावर. पहिली अंघोळ कोणाची यावर भांडण, कारण उशिरा उठणारा नरकात जातो हे सासूबाईंनी त्यांच्या मनावर पक्कं बिंबवलेलं. कारीट इथे मिळत नाही, म्हणून अंगठ्याखाली चेरी टोमॅटो फोडायचा; तो फुटताना बिया भिंतीवर उडतात आणि त्यासाठीच तो फोडायचा असतो. संध्याकाळी घाईघाईत पूजा. मधल्याने सांगाड्याच्या पोशाखातच आरती म्हटली, शेंडेफळाने लाह्या-बत्ताशांशेजारी स्वतःची किटकॅट ठेवली आणि प्रसाद म्हणून ती परत मिळेल याची खात्री करून घेतली. दाराबाहेर पुठ्ठ्याचा आणि मातीचा किल्ला होता. त्यावर पेरलेलं अळीव थंडीमुळे उगवलंच नव्हतं, त्यामुळे डोंगर बोडका. आणि मावळे कमी पडले म्हणून महादरवाजावर हॅलोवीनचा प्लॅस्टिकचा हाडांचा सापळा पहाऱ्याला. थोरलीला हा महाराजांचा अपमान वाटला. तिचा आणि धाकट्यांचा त्यावर जो वाद झाला, तो निम्मा मराठीत झाला. मराठी शाळेच्या वर्गात एवढं मराठी मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलेलं नाही.

असलं काही शनिवारच्या हॉलमध्ये होत नाही. शनिवारच्या कार्यक्रमाला माझा विरोध नाही, तारीख हॉल देईल तशीच घ्यावी लागते हेही मला कळतं. पण तो संमेलनाचा दिवस आहे. त्याने घरचा सण 'झाला' असं समजायला मी तयार नाही.

फराळाकडे येते, कारण खरा वाद तिथे आहे. इथली घरं लाकडाची, स्वयंपाकघर दिवाणखान्याला उघडं, आणि छताला धुराचा अलार्म. पहिला घाणा सोडला की तो बोंबलायला लागतो. म्हणून आमच्या भागातल्या बऱ्याच घरांप्रमाणे आमचंही तळण गॅरेजमध्ये होतं: दार उघडं, टेबलावर शेगडी, अंगात स्वेटर. आमच्याकडे या कामात बढती असते. अगदी लहान असताना शंकरपाळे कापायचे. ते वेडेवाकडे झाले तरी चालतात, तळल्यावर कोणाला कळत नाही. मग करंजीचं कातणं हातात येतं, पण सारण किती भरायचं हे अजून दुसरं कोणीतरी सांगतं, कारण जास्त भरलं तर करंजी तेलात फुटते आणि सगळं तेल खराब. त्यानंतर सोऱ्या. सोऱ्या एकच आहे, पितळेचा, सासूबाईंनी सामानातून आणलेला, आणि तो कोणाकडे यावा यावर वर्षभर राजकारण चालतं. शेवटची पायरी कढईची. थोरली आता तिथे पोचली आहे. चकली तेलात विरघळायला लागली की मोहन जास्त झालं, आणि दातांना दाद देईना तर कमी पडलं, हे तिला घाणे बिघडवूनच कळलं. मी बाजूला उभी राहून फक्त तेलावर आणि लहानांवर नजर ठेवते. सासूबाईंचा अनारसा तुपात हसला तेव्हा पोरं त्याहून जोरात हसली, आणि तो हसलेला अनारसाच आधी संपला.

मोठ्या कुटुंबाचं सुख मला इथे दिसतं. एकाचं काम दुसऱ्याकडे जातं, आणि ते शिकवणारी मी नसते. शेंडेफळाला शंकरपाळे मी शिकवले नाहीत, त्याच्या वरच्याने शिकवले, आणि माझ्यापेक्षा कडक शिस्तीत.

आता दुसरी बाजू, कारण ती खोटी नाही. माझी आई सांगलीच्या एकत्र कुटुंबात मोठ्या दिराजावांत सून होऊन आली. दिवाळीच्या आधीचा आठवडा ती चुलीपुढून उठत नसे, आणि दिवाळीच्या दिवशी सर्वांच्या पंगती उठल्यावर जेवायला बसे. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्रांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला आणि मराठी माणसाला फराळाबरोबर वाचायची सवय लागली. आमच्या घरात वाचत कोण, तर फराळ न करणारे. आईच्या हाती अंक यायचा तो तुळशीचं लग्न होऊन गेल्यावर, चहाचे डाग पडलेला. तिच्या दिवाळीत आनंद नव्हता असं मी म्हणणार नाही. पण तो फार महाग होता. अमेरिकेतही वेगळं नाही. आर्ली हॉकशील्ड या समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९८९ साली 'द सेकंड शिफ्ट' हे पुस्तक लिहिलं ते याचसाठी, की नोकरीवरून घरी आलेल्या बाईची दुसरी पाळी घरात सुरू होते. तेव्हा 'फराळ घरी करा, संस्कृती टिकवा' असं आयांनाच ऐकवणारे जे ज्येष्ठ सभासद आहेत, त्यांना मी आधी विचारीन की काका, तुम्ही यंदा काय तळलंत?

पण मग यावर आपण काढलेला उपाय काय? डबा मागवायचा. तो मागवतं कोण? आईच. यादी तिने भरायची, झेलवर पैसे तिने पाठवायचे, शनिवारी गाडी काढून पलीकडच्या गावातल्या कुणाच्या तरी बेसमेंटमधून डबे तिनेच आणायचे. आणि त्या बेसमेंटमध्ये तळतं कोण? आणखी एक मराठी बाई, बहुतेक वेळा एकटी. तिला चार पैसे मिळतात ते मिळायलाच हवेत. मीही चिरोटे तिच्याकडून घेते, कारण ते मला आयुष्यात जमणार नाहीत. पण यात कढईपुढे एकटं बसणं संपलं कुठे? ते फक्त एका बाईकडून दुसरीकडे गेलं. मधल्या मध्ये नवरा आणि मुलं होती तिथेच राहिली, सोफ्यावर. माझ्या आईची चूक खूप काम करण्यात नव्हती, आणि खरं तर तिची चूक नव्हतीच. घरात वीस हात होते आणि त्यांतले मोजकेच पिठात होते, हा दोष होता.

माझा नवरा चिवडा करतो. पातळ पोहे मंद आचेवर परतायला जो धीर लागतो तो माझ्यात नाही, त्याच्यात आहे. यासाठी त्याला कोणी गुलाब देऊ नये.

सुट्ट्यांचं म्हणाल तर आपल्याला वाटतं त्यापेक्षा त्या बऱ्याच असतात, आपणच त्या भरून टाकतो. न्यू जर्सीत नोव्हेंबरच्या सुरुवातीला शिक्षकांच्या अधिवेशनासाठी गुरुवार-शुक्रवार शाळा बंद असतात. २०२१ साली तर लक्ष्मीपूजन नेमकं त्या गुरुवारी आलं होतं. पण निम्मा गाव तेव्हा फ्लोरिडात असतो. डिस्नेला जाणारे त्या दिवसांना 'जर्सी वीक'च म्हणतात. थँक्सगिव्हिंगबद्दल फार सांगण्यासारखं नाही, आमच्याकडे पावभाजी होते आणि सगळे खूश असतात. नाताळ ते नववर्ष हा आठवडा मात्र मी हट्टाने रिकामा ठेवते. कोडिंगचं शिबिर नाही, बुद्धिबळाचा क्लास नाही, आणि सहा माणसांची विमानाची तिकिटं पाहिली की प्रवासाचा मोहही होत नाही. चौघं घरात. दुधाचा गॅलन सकाळी आणला की संध्याकाळी रिकामा, मोज्यांच्या जोड्या जुळत नाहीत, कॅरमच्या पावडरीने गालिचा पांढरा, आणि रात्रीचा उरलेला भात फोडणीला टाकला की वास लागून वरच्या मजल्यावरून एकेक जण उतरतो. दुसऱ्या दिवशी कंटाळा येतो, भांडणं होतात. तिसऱ्या दिवशी ते स्वतःच काहीतरी काढतात. माझं सुख विचाराल तर ते त्या तिसऱ्या दिवशी आहे: मी हातात चहा घेऊन बसलेली असते आणि माझी कोणालाही गरज नसते.

आजी-आजोबांबद्दलही एक सुचवते. आपल्याकडे त्यांना एप्रिल-मेमध्ये बोलावतात. ते येतात, परसात मेथी आणि दोडके लावतात, आणि थंडी पडायच्या आत, बहुतेक नवरात्राच्या सुमारास, परत जातात. पर्यटक व्हिसावर साधारण सहा महिने राहता येतं, ते सहा महिने आपण सणांना वगळून खर्च करतो. ज्यांची तब्येत साथ देत असेल त्यांना सप्टेंबरमध्ये बोलावून पाहा. सासूबाई घरात असल्या की मुलं आपापसांतही मराठीकडे वळतात, निदान त्यांच्याबद्दल कुजबुजायचं नसेल तेव्हा. थंडीची कुरकुर त्या करतात, पण ती कुरकुर गॅरेजमधल्या कढईजवळ बसून करतात.

मला ठाऊक आहे, वाचणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या घरी एक किंवा दोन मुलं आहेत, आणि ते योग्यच आहे. चार मुलं व्हावीत असा प्रचार करायला मी बसलेली नाही. इथल्या पाळणाघराची फी ज्याने भरली आहे त्याला तो प्रचार रुचणारही नाही. पण मोठं कुटुंब जमवताही येतं. तीन घरं एका रविवारी एकत्र आली की चार-पाच मुलं होतात, आणि त्यात कोणीतरी थोरलं ठरतं, कोणीतरी शेंडेफळ. एकुलत्या एक मुलीला बढतीची वाट पाहायला मिळते, जी घरी तिला कधीच पाहावी लागत नाही.

म्हणून कार्यकारिणीला माझी विनंती आहे. हॉलमध्ये बाहेरचं जेवण चालत नसेल तर जेवण केटररचंच राहू दे. पण पुढच्या दिवाळीआधीचे दोन रविवार फराळासाठी जाहीर करा, तीन-चार घरांचा एक असे गट पाडा, आणि गटात आईचं नाव लिहिताना बाबांचं आणि मुलांचंही लिहा, कोण काय करणार त्यासह. आयांसाठीच्या टाळ्या आणि गुलाब यंदापासून बंद करा. तेवढ्या वेळात नाटुकलं जरा लांबवा. आमचं गॅरेज दोन्ही रविवारी उघडं राहील. भाजणी मी देईन, सोऱ्या मात्र आपापला आणा, कारण आमचा मिळणार नाही.