पंप बदला, ड्रायव्हर बदला

मंडळी, आमच्या गोंदियात राइस मिल पावलोपावली. पूर्वी धानाची पोती फक्त हमालांच्या पाठीवर असायची, आता काही गोदामांत फोर्कलिफ्ट फिरते. चांगलंच आहे. पण यंत्र आलं तरी यंत्राला प्रश्न विचारायची सवय काही आली नाही!

दिवाळीत गावी गेलो तेव्हा ओळखीच्या एका मिलमध्ये (नाव नको) हेच चाललं होतं. फोर्कलिफ्टचं स्टिअरिंग जड झालेलं. मेकॅनिक म्हणाला, पंप गेला. नागपूरहून पंप आला, स्टिअरिंग जडच. मग ऑर्बिट्रॉल, म्हणजे स्टिअरिंगखालचा तेल वाटणारा व्हॉल्व्ह, बदलला. तरी जडच. शेवटी मालकांनी निदान केलं, ड्रायव्हरच गाडी वाईट चालवतो. कापा त्याचा पगार.

आमच्या आयटीत लॉग न बघता कुणी सर्व्हर बदलत सुटला तर त्याला घरी पाठवतील. (बरं, प्रमोशन देतील. असो.)

अहो, फोर्कलिफ्ट वळते मागच्या चाकांवर. बहुतेक गाड्यांत स्टिअरिंग आणि चाकांमध्ये रॉडही नसतो, नुसतं दाबाखालचं तेल. म्हणून आधी विचारायचं, जड कधी होतं? माल उचलतानाच होत असेल तर प्रायॉरिटी व्हॉल्व्हवर संशय, कारण एकाच पंपाचं तेल आधी स्टिअरिंगला द्यायचं काम त्याचं. तेलाला फेस असेल तर कुठून तरी हवा शिरतेय. चाकं टोकाला टेकल्यावरही स्टिअरिंग भराभर फिरत राहिलं तर तेल आतल्या आत गळतंय, सिलिंडरमध्ये किंवा ऑर्बिट्रॉलमध्ये. आणि पंपावर आरोप करण्याआधी लाइनला प्रेशर गेज लावून आकडा मॅन्युअलशी ताडायचा. गेज पंपापेक्षा कितीतरी स्वस्त असतो हो! आणि उलट तक्रार, म्हणजे माल घेतल्यावर स्टिअरिंग एकदम हलकं लागणं, ही तर सगळ्यात धोक्याची. ओव्हरलोडमुळे मागची चाकं जमीन सोडायला लागलीत, तिथे पार्ट बदलून काय होणार?

ड्रायव्हरला मी विचारलं. तो म्हणाला, "माल असते तवा ठीक चालते जी, रिकामी असली की जड जाते." एवढ्या एका वाक्यात अर्धं निदान होतं. माल नसताना गाडीचं बरंचसं वजन मागच्या अ‍ॅक्सलवर येतं, तेव्हा बघायचं तिथेच. दुसऱ्या दिवशी पुढच्या चाकांना ठोकळे लावून मागचा भाग उचलला, सिलिंडरची लिंक सोडवली आणि चाकं हाताने वळवून पाहिली. एक वळलं, दुसरं हलेना. किंग पिनचं बेअरिंग कोरडं ठाक, ग्रीस निपलमध्ये तूस आणि धूळ गच्च बसलेली.

"धंदा आहे, गाडी उभी ठेवून परवडत नाही" हे मालकांचं उत्तर मला ठाऊक आहे. पण फोर्कलिफ्ट वळते तेव्हा तिचं शेपूट बाहेर फेकलं जातं आणि त्या थप्प्यांच्या बोळात हमाल उभे असतात. जड स्टिअरिंगची गाडी आठवडाभर त्यांच्यामधून चालवणं कुणाला परवडत होतं?

बेअरिंग बदललं, गाडी नीट वळते. जुना पंप कोपऱ्यात पडलाय, बहुधा चांगलाच असेल. ड्रायव्हरचे कापलेले पैसे मात्र मी निघेपर्यंत तरी परत मिळाले नव्हते.