खोली रात्रीपुरती मिळते, महिन्यासाठी नाही

पाचगणीत शनिवार-रविवारच्या मुक्कामासाठी खोली हवी असेल तर एका फोनवर काम होते. तीच खोली महिन्याच्या भाड्याने मागितली की ‘फॅमिलीला देत नाही’, ‘सीझनला रिकामी करावी लागेल’, ‘डिपॉझिट आधी, कागद नंतर’ ही उत्तरे ठरलेली. जून लागतो, शाळा उघडतात आणि गावभर पुन्हा तीच उत्तरे ऐकू येतात. निवासी शाळांतील शिपाई, मेसमधले आचारी, मावश्या, नवे शिक्षक, हॉटेलांतील वेटर, दवाखान्यांतील परिचारिका, बंगल्यांचे वॉचमन यांच्यावाचून हे गाव एक दिवसही चालत नाही. त्यांपैकी कित्येकांना मुक्कामासाठी दांडेघर, गोडवली, खिंगर, आंब्रळ गाठावे लागते, नाहीतर रोज पसरणीचा घाट उतरून वाई.

गावात जागा मोजकी आहे, हे कुणीच नाकारत नाही. केंद्र सरकारने १७ जानेवारी २००१ रोजी महाबळेश्वर-पाचगणी परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर केला. तेव्हापासून नव्या बांधकामावर कडक बंधने आहेत. डोंगर आणि पठारे टिकायची असतील तर ती हवीतच. पण बंधन आले ते बांधकामावर. असलेल्या घरांचा वापर मोकाटच राहिला. नवी घरे फारशी होणार नाहीत हे ठरल्यावर जुनी घरे कशासाठी वापरली जातात, यावर नजर ठेवणे ओघानेच यायला हवे होते. तसे झाले नाही. मुंबई-पुण्याच्या मालकांचे बंगले वर्षातले कितीतरी महिने कुलूपबंद असतात आणि उरलेले ऑनलाइन बुकिंगवर रात्रीच्या दराने जातात. रात्रीचा दर दोन-अडीच हजार धरला, तरी चार शनिवार-रविवारच्या आठ रात्रींत मालकाच्या हाती १६ ते २० हजार रुपये पडतात. शाळेतला शिपाई महिन्याला पाच-सहा हजारांच्या वर काय देणार?

देशभराचे चित्रही याहून फार वेगळे नाही. २०११ च्या जनगणनेत शहरांमधील सुमारे १ कोटी ११ लाख घरे रिकामी आढळली. २०१७-१८ च्या केंद्रीय आर्थिक पाहणी अहवालानुसार शहरी घरांमधील भाड्याच्या घरांचा वाटा १९६१ मध्ये ५४ टक्के होता, तो २०११ मध्ये २८ टक्क्यांवर आला. घरे रिकामी आणि माणसे बेघर, ही स्थिती पाचगणीने शोधून काढलेली नाही. पण २०११ च्या जनगणनेत १५ हजारांच्या आत लोकसंख्या असलेल्या गावाला ती मोजणे तरी सहज शक्य आहे.

घरमालकांच्या भीतीला इतिहास आहे. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठवली आणि भाडेकरू एकदा आला की हलत नाही, ही समजूत पक्की झाली. ती तरतूद काळाच्या ओघात अन्यायकारक ठरल्याचे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये सांगितले. त्यानंतर आलेला महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू आहे. त्याच्या कलम २४ नुसार ‘लिव्ह अँड लायसन्स’ची मुदत संपल्यावरही खोली न सोडणाऱ्याला सक्षम प्राधिकाऱ्याकडून बाहेर काढता येते आणि त्याच्याकडून दुप्पट दराने भरपाई मागता येते. म्हणजे आज मालकाला कायद्याचे पाठबळ पुरेसे आहे. फक्त करार नोंदवलेला हवा.

आणि नेमका तोच नोंदवला जात नाही. याच कायद्याच्या कलम ५५ नुसार भाडेकरार लेखी असलाच पाहिजे, नोंदणीकृत असलाच पाहिजे आणि ती जबाबदारी मालकाची आहे. कसूर केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही, असे एजंट छातीठोकपणे सांगतात. महाराष्ट्रात ते साफ खोटे आहे. मुदत कितीही असो, नोंदणी टळत नाही. पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर नोटरीचा शिक्का मारला म्हणजे करार नोंदला जात नाही.

खर्चाची सबब तर ऐकवतही नाही. समजा महिन्याचे भाडे ६,००० रुपये, डिपॉझिट ३०,००० आणि मुदत अकरा महिने. मुद्रांक शुल्क एकूण भाडे अधिक डिपॉझिटवरील दहा टक्के व्याज यांच्या पाव टक्का, म्हणजे दोनशे रुपयांच्या आत. नागरी भागातील नोंदणी फी १,००० रुपये आणि दस्त हाताळणीचे ३००. सगळे मिळून दीड हजार रुपये. ही नोंदणी ऑनलाइनही होते. एजंट दलाली म्हणून महिन्याचे भाडे खिशात घालतो, तिथे कुणी कुरकुर करत नाही. कायद्याचे दीड हजार मात्र जड होतात.

या दीड हजारांवाचून भाडेकरूचे किती अडते, ते पाहावे. आधारवरचा पत्ता बदलायचा, मतदारयादीत नाव घालायचे किंवा शिक्षणहक्क कायद्याच्या २५ टक्के जागांसाठी मुलाचा अर्ज भरायचा, तर पत्त्याचा दुसरा पुरावा नसलेल्या भाडेकरूला नोंदणीकृत करार उपयोगी पडतो. ज्या गावाची ओळख शाळांमुळे आहे, तिथल्याच कामगाराचे मूल वडिलांच्या हातात नोटरीचा कागद आहे म्हणून अर्जालाही मुकू शकते. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात द्यायला मात्र मालकांना आवर्जून सांगितले जाते. संशयासाठी भाडेकरूचे नाव हवे असते, सवलतीसाठी ते कुठेच सापडत नाही.

भाड्याच्या मदतीचा प्रश्न तर याहून बिकट आहे. पंतप्रधान आवास योजनेच्या शहरी भागात, २०२४ मध्ये सुरू झालेल्या दुसऱ्या टप्प्यातही, घर बांधायला किंवा घ्यायला अडीच लाखांपर्यंत अनुदान आहे. अट अशी की कुटुंबाच्या नावावर देशात कुठेही पक्के घर नसावे. जावळीत किंवा वाईच्या खोऱ्यात वाट्याला आलेली वडिलोपार्जित दोन पक्क्या खणांची जागा असलेला वेटर त्यामुळे लगेच बाद होतो. त्या दोन खणांत राहून पाचगणीत रात्रपाळी कशी करायची, हे योजना सांगत नाही. स्वतः बांधायचे तर स्वतःचा भूखंड हवा, आणि पाचगणीत भूखंड वेटरला कोण देणार? २०२० मध्ये आलेल्या परवडणाऱ्या भाड्याच्या घरांच्या योजनेत देशातील ८० हजारांहून अधिक रिकाम्या सरकारी घरांपैकी सुमारे साडेपाच हजारच भाड्यासाठी तयार झाली. सरकारी कर्मचाऱ्याला घरभाडे भत्ता आहे, पण पाचगणी ‘झेड’ वर्गात, म्हणजे सर्वात कमी दर. प्राप्तिकराच्या जुन्या पद्धतीत घरभाड्यासाठी महिना पाच हजारांपर्यंत वजावट आहे. ज्याला कर भरण्याइतकी कमाईच नाही, त्याला तिचा उपयोग शून्य.

भाडे ही मदत देण्याजोगी गरज आहे, हे सरकारला कळत नाही असे नाही. वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना स्वाधार योजनेतून भोजनाबरोबर निवासाचाही खर्च मिळतो. मुंबईत झोपडपट्टी पुनर्वसनाचे काम सुरू करण्याआधी विकासकाला दोन वर्षांचे भाडे आगाऊ द्यावे लागते. म्हणजे विद्यार्थ्याचे भाडे मान्य, मुंबईच्या झोपडीधारकाचे भाडे मान्य. डोंगरावरच्या कामगाराचे तेवढे अमान्य, आणि त्याचे कारण एकच: त्याचा भाडेकरार सरकारदरबारी नाही.

इकडे राज्य रस्ते विकास महामंडळाकडे सोपवलेल्या ‘नवीन महाबळेश्वर’च्या सुरुवातीच्या आराखड्यात २३५ गावे घेतली होती. जुन्या गिरिस्थानांत खोल्या झाडणाऱ्यांना, भांडी घासणाऱ्यांना राहायला जागा नसताना नवे गिरिस्थान उभारण्याची घाई कुणाला झाली आहे? तिथेही रिसॉर्ट आधी उभे राहतील आणि कामगार पुन्हा घाट चढत-उतरत राहतील.

पाचगणी गिरिस्थान नगरपरिषदेला कामगारांच्या भाड्याच्या घरांसाठी दिल्लीची वाट पाहावी लागत नाही. दांडेघर नाक्यावर पर्यटकांच्या गाड्यांकडून कर घेतला जातो, पावती फाडली जाते. बाहेरून आलेल्या प्रत्येक गाडीची नोंद ठेवणाऱ्या यंत्रणेला गावातल्या भाडेकरूंची नोंद जड जाऊ नये. मालमत्ता कराच्या बिलाबरोबर वापराची माहिती मागवावी: स्वतः राहता, महिन्याच्या भाड्याने देता, की रात्रीच्या? रात्रीच्या भाड्यावर चालणाऱ्या बंगल्यावर व्यापारी दराने कर आकारावा. नोंदणीकृत करार करून महिन्याच्या भाड्याने खोली देणाऱ्याला करात सूट मिळावी आणि तसा ठराव करून शासनाकडे पाठवावा. पर्यटकांकडून येणाऱ्या करातला एक हिस्सा डिपॉझिटसाठी बिनव्याजी उचल म्हणून बाजूला ठेवावा. शाळा आणि हॉटेलांना परवाने देताना कर्मचाऱ्यांच्या निवासाचा हिशेब मागावा. आवास योजनेच्या दुसऱ्या टप्प्यातही भाड्याच्या घरांचा स्वतंत्र घटक आहे. पडून असलेल्या सरकारी इमारती त्यात घातल्या तर डोंगराला एक कुदळही न लावता घरे मिळतील. आणि कलम ५५ खाली एका तरी मालकावर कारवाई व्हावी, म्हणजे दीड हजार रुपये वाचवण्याची हौस गावभर एकदम ओसरेल.

– एक भाडेकरू, पाचगणी (जि. सातारा)