तारीख तुमची, अंदाज संगणकाचा

ऑनलाइन फॉर्मवर तुम्ही ०५/०६/२००५ लिहिलंत. आपल्याकडे ही ५ जून. अमेरिकी पद्धतीवर बेतलेल्या सॉफ्टवेअरला मात्र ६ मे! २५/०६ लिहिलं तर ते निदान अडतं, कारण पंचविसावा महिना नसतो. पण १२ पर्यंतच्या तारखा बिनबोभाट उलटतात. चूक कळते ती थेट शिष्यवृत्तीच्या पडताळणीत, दाखल्यावरची जन्मतारीख जुळत नाही तेव्हा.

यावर तोडगा १९८८ पासून आहे. आयएसओ ८६०१ हे मानक सांगतं: आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. म्हणजे २००५-०६-०५. फॉर्मवर तीन वेगळे, नाव लिहिलेले रकाने दिले, तरी काम भागतं. अंदाज संगणकाने बांधायचा आणि दुरुस्तीसाठी हेलपाटे विद्यार्थ्यांनी घालायचे, हा कसला डिजिटल कारभार?