बंद दार म्हणजे उपचार नव्हे

घरातील वडीलधारी व्यक्ती रात्रभर जागते, कोणी मारायला आले आहे असे म्हणून ओरडते, आपल्याच माणसावर हात उगारते, तेव्हा सारे कुटुंब हतबल होते. आमच्या पिंपळगाव बसवंतमधून अशा रुग्णाला बहुधा नाशिकला न्यावे लागते. काहींना ठाणे, येरवडा, नागपूर वा रत्नागिरी येथील शासकीय प्रादेशिक मनोरुग्णालयाची वाट धरावी लागते. रुग्णाला दाखल करून परतताना नातेवाइकांच्या मनात एक प्रश्न घोळत असतो, पण तो ओठांवर क्वचितच येतो: ‘आत त्यांना एकटे कोंडून तर ठेवणार नाहीत ना?’

हा प्रश्न विचारण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे. मे २०१८ पासून लागू झालेल्या मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मधील कलम ९७ नुसार मनोरुग्णाला एकांतवासात वा एकांत कोठडीत ठेवता येत नाही. इंग्लंडमध्ये एकांतवासाला परवानगी आहे. मात्र तिथेही परिचारिकांनी दर दोन तासांनी रुग्णाचा आढावा घ्यावा, असा दंडक आहे. आपल्या कायद्याने ती वाटच बंद केली आहे.

रुग्णाला बांधून वा धरून ठेवण्याची मुभा आहे, परंतु कठोर अटींवर. रुग्णाला किंवा इतरांना तत्काळ इजा होण्याचा धोका असावा, तो टाळण्याचा दुसरा मार्ग नसावा आणि उपचार करणाऱ्या मनोविकारतज्ज्ञांची संमती असावी. धोका टळताच बंधन सुटले पाहिजे. कारण, पद्धत आणि कालावधी यांची नोंद लगेच झाली पाहिजे. शिक्षा म्हणून किंवा कर्मचारी अपुरे आहेत म्हणून बांधता येत नाही. साखळदंडाला तर कोणत्याही रूपात बंदी आहे.

वृद्धांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. काही तासांत वा एक-दोन दिवसांत अचानक आलेला गोंधळ पुष्कळदा शरीराच्या आजाराचा असतो. लघवीतील जंतुसंसर्ग, तुंबलेली लघवी, रक्तात घटलेले सोडियम, उतरलेली साखर, नव्याने सुरू झालेली एखादी गोळी, यांपैकी काहीही त्यामागे असू शकते. अशा माणसाला चष्मा, श्रवणयंत्र, घड्याळ आणि ओळखीचा चेहरा यांपासून तोडून बंद खोलीत ठेवले, तर गोंधळ वाढतो. पाणी पोटात जात नाही, पडण्याची भीती वाढते आणि मूळ दुखणे तसेच राहते.

शांत खोली मात्र वेगळी. कमी गोंगाट, मंद उजेड, दार उघडे आणि जवळ बसलेली परिचारिका, ही शुश्रूषाच होय. फरक कडीचा आणि सोबतीचा आहे.

दाखल करतानाच नम्रपणे विचारावे: रुग्ण चिडल्यास आपण प्रथम काय करता? बांधावे लागल्यास लक्ष कोण ठेवते? आम्ही भेटायला किंवा फोनवर बोलायला केव्हा यावे? रुग्णाच्या ‘नामनिर्देशित प्रतिनिधी’ला बांधल्याच्या प्रत्येक प्रसंगाची माहिती २४ तासांच्या आत देणे बंधनकारक आहे. हा प्रतिनिधी नेमणे सोपे आहे. प्रकृती ठीक असताना साध्या कागदावर त्या व्यक्तीचे नाव लिहून सही किंवा अंगठा केला की पुरे. मात्र त्या व्यक्तीची तयारी आधी विचारून घ्यावी.

आता थोडे घराकडे पाहू. द्राक्षाच्या हंगामात सारे मळ्यात जातात आणि आजोबांच्या खोलीला बाहेरून कडी लागते. त्यामागे दुष्टपणा नसतो. काळजी असते, थकवा असतो. परंतु आग लागली, तोल गेला, तर ते दार कोण उघडणार? ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतील एरवाडी येथे मनोरुग्णांच्या खासगी निवाऱ्याला आग लागली, तेव्हा साखळीने बांधलेले पंचवीसहून अधिक जण होरपळून गेले.

म्हणून कडी लावण्याची वेळ येण्याआधीच आपल्या डॉक्टरांना भेटा. सोबतीच्या पाळ्या घरात वाटून घ्या. रात्री-अपरात्री सल्ला हवा असल्यास ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा विनामूल्य क्रमांक चोवीस तास सुरू असतो, तो मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीवर लावा. मात्र गोंधळ अचानक आला असेल, तर फोनवर न थांबता रुग्णाला त्याच दिवशी दवाखान्यात आणा आणि सुरू असलेल्या सर्व गोळ्या सोबत घ्या.