अंतर आकाशातले आणि रुळांवरचे

मुंबई आणि परभणी ही दोन्ही शहरे जवळजवळ एकाच अक्षांशावर, १९ अंशांच्या आसपास वसलेली आहेत. शाळेच्या नकाशावर पट्टी ठेवली की मुंबईहून काढलेली रेघ सरळ पूर्वेस जाऊन परभणीला मिळते. हे हवाई अंतर सुमारे ४१० किलोमीटर; विमानाला ते कापण्यास एक तास पुरे. आगगाडी मात्र आधी ईशान्येस मनमाडपर्यंत चढते आणि तेथून आग्नेयेस उतरते. अंतर साडेपाचशे किलोमीटरांवर जाते आणि एक्स्प्रेस गाडीला दहा तासांच्या आगेमागे लागतात.

हा वळसा निसर्गाने घातलेला नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी निजामी राजवटीत हैदराबाद-मनमाड हा मीटरगेज मार्ग झाला, तो हैदराबादची सोय पाहून. परभणीहून हैदराबाद सरळ रेषेत पावणेतीनशे किलोमीटर. १९४८ मध्ये संस्थान गेले, १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, राजधानी बदलली. रूळ मात्र तेच राहिले. मनमाडला ट्रंका, वळकट्या आणि पेंगुळलेली पोरे सांभाळत गाडी बदलणे हे त्या पिढीच्या मुंबई प्रवासाचे अटळ प्रकरण होते. गोविंदभाई श्रॉफ यांच्यासारख्यांनी रुंदीकरणासाठी वर्षानुवर्षे आग्रह धरला, तरी मनमाड-औरंगाबाद टप्पा रुंद व्हायला १९९२ साल उजाडले.

आता विमानतळाची मागणी अधूनमधून डोके वर काढते. ती अगदीच गैर नाही. मुंबईच्या रुग्णालयात तातडीने न्यायच्या रोग्याला तासाची किंमत कळते. परंतु नांदेडचा विमानतळ २००८ पासून अवघ्या पाऊणशे किलोमीटरांवर आहे आणि तेथील सेवा कितीदा सुरू झाल्या, कितीदा थांबल्या, हे जिल्ह्याने पाहिले आहे. शिवाय घरातून नांदेड, तेथे तासभर आधीची हजेरी, मग मुंबईतील गर्दी, हे सारे धरले तर एका तासाच्या उड्डाणाचा अर्धा दिवस होतो. आणि तिकीट? निवृत्तिवेतनाच्या फाइलीमागे धावणाऱ्या शिक्षकाने ते कोठून काढावे?

त्याच्यासाठी अंतर कमी करण्याचा दुसराही मार्ग आहे, आणि तो सिद्ध झालेला आहे. १९८१ मध्ये उच्च न्यायालयाचे खंडपीठ औरंगाबादला बसू लागले आणि परभणीच्या पक्षकाराचा साडेपाचशे किलोमीटरांचा फेरा पावणेदोनशेवर आला. एकही विमान उडाले नाही. १९७२ मध्ये कृषी विद्यापीठ परभणीतच झाले. २०२३ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. माणसाला कचेरीकडे नेण्याऐवजी कचेरी माणसाकडे आणली की घड्याळाची कटकटच उरत नाही. मंत्रालयाला हे अजून पुरते पटलेले दिसत नाही.

उरलेल्या प्रवासासाठी आकाशापेक्षा जमिनीकडे पाहणे बरे. ऑगस्ट २०२५ मध्ये वंदे भारत गाडी नांदेडपर्यंत वाढली आणि परभणीकरांचा वेळ नऊ तासांच्या घरात आला. तिचे भाडे हा वेगळा प्रश्न. पण एकेरी रुळावर समोरची गाडी येईपर्यंत बाजूला उभे राहणे वेगवान गाडीलाही चुकत नाही. छत्रपती संभाजीनगर-परभणी या १७७ किलोमीटरांच्या दुहेरीकरणाला केंद्राने जुलै २०२५ मध्ये मंजुरी दिली. रुंदीकरणाची वाट दोन पिढ्यांनी पाहिली. हे काम कोणत्या साली पुरे होणार, हा प्रश्न जिल्ह्याच्या लोकप्रतिनिधींना विमानतळाच्या आधी विचारला गेला पाहिजे.