मंडईतलं सोंग आणि जादूगाराचा झगा

कादंबरीतल्या जादूगाराचा झगा घालून किंवा ॲनिमेतल्या योद्ध्याची तलवार खांद्यावर टाकून मुलं मेळाव्याला निघाली की दोन आक्षेप ठरलेले असतात. हे विलायती खूळ आहे, हा एक. आणि ही वास्तवापासून पळवाट आहे, हा दुसरा. पहिल्याला तारखांचा आधार आहे, हे मान्य करायला हवं. १९३९ मध्ये न्यूयॉर्कच्या विज्ञानकथा संमेलनात फॉरेस्ट ॲकरमन आणि मर्टल डग्लस भविष्यकाळातले पोशाख घालून आले. २००५ मध्ये अमेरिकेतल्या मिडलबरी कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी हॅरी पॉटरमधलं हवेतलं क्विडिच दोन पायांत झाडू धरून मैदानावर आणलं. भारतातलं पहिलं कॉमिक कॉन २०११ मध्ये दिल्लीत भरलं. पण या तारखा पोशाखांच्या आहेत, वृत्तीच्या नाहीत. आवडलेली कथा अंगावर घेऊन चारचौघांत उभं राहण्याची वृत्ती पाहायची असेल, तर दिवाळीनंतर भंडारा जिल्ह्यात यावं.

भाऊबीजेपासून इथे गावोगावी मंडई भरते. दिवसा बाजार, रात्री दंडार, खडी गंमत ही लोकनाट्यं, नाहीतर नाटक. नाटकासाठी मोकळ्या जागेत खड्डा खणतात, निघालेल्या मातीने मंच उंच करतात आणि खड्ड्याच्या उतारावर बसून माणसं उजाडेपर्यंत प्रयोग पाहतात. दंडारीतल्या राजाचा मुकुट म्हणजे पुठ्ठ्यावर चिकटवलेली बेगड. तो घालणारा काल धान कापत होता, हे समोरच्या प्रत्येकाला ठाऊक असतं. तरी राक्षस ओरडत आला की पुढच्या रांगेतली पोरं मागे सरकतात. शहरातला मुलगा फोमचं चिलखत कापून, रंगवून अंगावर चढवतो तेव्हा तो याहून वेगळं काय करतो? झोपेचं सोंग निराळं आणि मंडईतलं सोंग निराळं, हा भेद मराठी माणसाला शिकवावा लागत नाही. पहिल्यात फसवणूक असते, दुसऱ्यात पाहणारा आणि करणारा दोघेही सामील असतात.

यावर कुणी म्हणेल, रामरावणाशी श्रद्धा जोडलेली आहे, हॅरी पॉटरशी नाही. दोघांना एका पंगतीत बसवू नका. हा आक्षेप गंभीर आहे आणि श्रद्धेची बरोबरी मी करतही नाही. पण झाडीपट्टीच्या, म्हणजे या पूर्व विदर्भाच्या, मंचावर केवळ देवच येत नाहीत. सामाजिक नाटकांतले सावकार, पाटील, परित्यक्ता यांच्यावर कुणाची भक्ती नसते, तरी प्रेक्षक त्यांच्यासाठी रडतात. शेजारच्या गडचिरोलीचे नाट्यकलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली ती अशा आठशेहून अधिक भूमिकांच्या बळावर. कथेतलं माणूस जिवंत व्हायला श्रद्धा लागतेच असं नाही. जीव लावणारा प्रेक्षक लागतो.

पळवाटेचा आक्षेप तर पाहिल्याबरोबर गळतो. पळणारा एकटा पळतो. सोंगाला शिवणारा लागतो, रंगवणारा लागतो, पाठांतर लागतं आणि शेवटी गर्दी लागते. अद्भुताला आपल्या नाट्यशास्त्राने रसांत स्थान दिलं. त्याला पोरकटपणा म्हणण्याची सवय अलीकडची आहे.

नव्या चाहत्यांच्या जगात मला खरा दोष दिसतो तो मालकीचा. क्विडिच खेळणाऱ्यांना २०२२ मध्ये आपल्या खेळाचं नाव क्वॉडबॉल करावं लागलं. हॅरी पॉटरच्या लेखिकेच्या मतांपासून दूर राहणं हे त्याचं एक कारण होतं आणि जुन्या नावावर वॉर्नर ब्रदर्स या चित्रपट कंपनीचा हक्क असणं हे दुसरं. ज्यांनी घाम गाळून खेळ उभा केला, त्यांचं त्याच्या नावावरही चाललं नाही. दंडारीतल्या पात्राला असा मालक नाही. ज्याला ते पेलवेल त्याने उचलावं, आपल्या बोलीत बोलावं, हा तिचा रिवाज आहे. मंचावर आता बाजारूपणा शिरला आहे, ही तक्रार खोटी नाही. पण त्यामुळे हा रिवाज नाहीसा झालेला नाही. नाटककार देवलांनी ऑथेल्लोचा 'झुंझारराव' केला तेव्हा परकी कथा आपली झाली ती अशाच हक्काने.

म्हणून साकोली, लाखनी, पवनीकडच्या मंडई मंडळांना विनंती आहे. येत्या दिवाळीत रात्रीच्या कार्यक्रमातला अर्धा तास गावच्या शाळेतल्या मुलांना द्या. त्यांना आवडलेला जादूगार, ड्रॅगन, परग्रहावरचा योद्धा त्यांनी पुठ्ठा आणि बेगडीने स्वतः घडवावा आणि त्याला झाडीबोलीत बोलू द्यावं. दंडारीतल्या जुन्या कलाकारांनी त्यांना उभं कसं राहायचं तेवढं शिकवावं.