नियमातली फट आणि वस्तीवरचा पहारा

सिडनीतला २०२१ चा लांबलचक लॉकडाऊन कुणामुळे लागला, असे विचारले तर आजही उत्तर येते, 'एका ड्रायव्हरमुळे'. १६ जून २०२१ रोजी बॉन्डाय या समुद्रकिनाऱ्यावरच्या सुखवस्तू भागात राहणारा, साठीतला एक माणूस पॉझिटिव्ह आला. परदेशी विमानांच्या क्रूला, म्हणजे पायलट आणि केबिन कर्मचाऱ्यांना, गाडीने ने-आण करण्याचे त्याचे काम होते. त्याच्या नमुन्यात डेल्टा विषाणू सापडला आणि जनुकीय तपासणीत तो अमेरिकेतून आलेल्या प्रकाराशी जुळला. २६ जूनला ग्रेटर सिडनी बंद झाले आणि ११ ऑक्टोबरपर्यंत बंदच राहिले.

त्या माणसावर वृत्तपत्रांतून, टीव्हीवरून काय काय बोलले गेले ते आठवून बघा. त्याने लस घेतली नव्हती, हाच सगळ्यांचा मुद्दा. पण पोलिसांनी चौकशी केली तेव्हा त्याच्यावर किंवा त्याच्या मालकावर गुन्हा दाखल करण्याइतका पुरावा मिळाला नाही. अशा ड्रायव्हरांना लस सक्तीची करणारा नियमच तेव्हा नव्हता. सक्तीचा निर्णय झाला जूनच्या अखेरीस, विषाणू शहरभर फिरू लागल्यावर.

याहून बोचणारी गोष्ट वेगळीच आहे. बरोबर सहा महिने आधी, १६ डिसेंबर २०२० रोजी, सिडनीतच विमानाच्या क्रूला नेणारा एक व्हॅनचालक पॉझिटिव्ह आला होता. तोवर परदेशी क्रू शहरातल्या वेगवेगळ्या हॉटेलांत उतरत आणि स्वतःच स्वतःला वेगळे ठेवत. त्या प्रकरणानंतर त्यांना विमानतळाजवळच्या ठरावीक हॉटेलांत, पोलिसांच्या देखरेखीखाली ठेवायचे ठरले. हॉटेलचा दरवाजा बंद झाला. पण विमानापासून त्या दरवाजापर्यंत क्रूबरोबर एका बंद गाडीत बसणारा माणूस लसीशिवायच राहिला. धोका कुठे आहे हे कळून सहा महिने झाले होते. मग दोष ड्रायव्हरचा म्हणायचा की ज्यांच्या टेबलावर ती फाइल होती त्यांचा?

क्रूला इतरांपेक्षा सैल नियम का, असा प्रश्न त्या काळात अनेकांना पडला होता. त्याचे उत्तर साधे आहे. पायलटला प्रत्येक फेरीनंतर चौदा दिवस कोंडून ठेवले तर विमाने उडणार नाहीत. औषधे, व्हेंटिलेटर, पुढे लशीसुद्धा विमानानेच येत होत्या. महामारीपूर्वी जगातला जवळपास निम्मा हवाई माल प्रवासी विमानांच्या पोटातून जात असे. ती विमाने थांबल्यावर मालवाहू विमानांवरचा भार वाढला. म्हणून सवलत देणे चूक नव्हते. पण सवलत दिली की तिच्या दोन्ही टोकांना कोण उभे आहे हे बघावे लागते: गाडी चालवणारा, खोली साफ करणारी बाई, घरी वाट बघणारे कुटुंब.

तैवानने ही किंमत मोजली. डिसेंबर २०२० मध्ये एका परदेशी पायलटमुळे तिथली २५३ दिवसांची 'एकही स्थानिक रुग्ण नाही' ही मालिका तुटली. त्या पायलटला नोकरी गमवावी लागली, दंडही झाला. तरीही एप्रिल २०२१ च्या मध्यात लांब पल्ल्याच्या क्रूचे विलगीकरण कमी करून तीन दिवसांवर आणले गेले. पुढचे अकरा दिवस स्वतःच्या प्रकृतीवर स्वतः लक्ष ठेवायचे. लोक त्याला 'तीन अधिक अकरा' म्हणू लागले. काही दिवसांतच चायना एअरलाइन्सचे पायलट आणि विमानतळाजवळचे नोव्होटेल हॉटेल यांच्याभोवती रुग्ण सापडू लागले. विलगीकरणातला क्रू आणि साधे पाहुणे एकाच हॉटेलात राहिल्याचे उघड झाले. १० मे रोजी त्या कंपनीच्या सगळ्या क्रूला टप्प्याटप्प्याने चौदा दिवस विलगीकरणात घालण्याचा आदेश निघाला, आणि १५ मे रोजी तैपेईत कडक निर्बंध लागले.

पण लोकांच्या तोंडी तोवर वेगळेच नाव आले होते, वानहुआ. तैपेईतला हा जुना, गरीब भाग. तिथल्या चहाघरांत बायका गिऱ्हाइकांना सोबत करतात, गाणी म्हणतात. तिथे रुग्ण सापडले आणि सगळा राग त्या बायकांवर निघाला. विलगीकरणाचे दिवस कमी करण्याच्या बैठकीला त्यांच्यापैकी कुणी बसलेले नव्हते, हे सांगायला नकोच.

आता पुन्हा सिडनीला येऊ, कारण तिथे जे झाले ते आपल्या तरुणांनी नीट समजून घ्यावे असे आहे. रोग बॉन्डायमध्ये उमटला. पण जुलैत तो शहराच्या पश्चिम आणि नैर्ऋत्य भागात पोचला: फेअरफिल्ड, लिव्हरपूल, कँटरबरी-बँक्सटाउन. लेबनॉन, इराक, व्हिएतनाम अशा देशांतून आलेली कुटुंबे इथे राहतात. लाकेम्बाची मोठी मशीद याच पट्ट्यात आहे. गोदामे, अन्नप्रक्रियेचे कारखाने, वृद्धाश्रम इथल्या माणसांच्या कामावर चालतात. ती माणसे लॅपटॉप उघडून घरून काम करू शकत नव्हती. एका घरात तीन पिढ्या आणि रोज कामावर जाणारे दोघे-तिघे, तिथे डेल्टाला आणखी काय हवे?

सरकारने तिथे ९ जुलैपासून शंभर जादा पोलीस पाठवले. या तीन भागांतल्या बहुतेकांना कामासाठी भाग सोडून जायला मनाई झाली. कामावर जाणाऱ्या फेअरफिल्डकरांना दर तीन दिवसांनी चाचणी सक्तीची झाली आणि चाचणीकेंद्रांसमोर तासन्‌तास, रात्रीसुद्धा, गाड्यांच्या रांगा लागल्या. बकरी ईद घरातच झाली. ऑगस्टच्या सुरुवातीला लष्कराचे सुमारे तीनशे जवान पोलिसांच्या मदतीला आले. ज्या घरातले आजोबा बगदादमधून सैनिकांना टाळून पळाले, त्या घराचे दार गणवेशातल्या माणसाने ठोठावले की काय वाटत असेल? २३ ऑगस्टपासून बारा भागांत रात्री नऊ ते पहाटे पाच संचारबंदी आणि व्यायामाला दिवसाला एक तास. त्याच सुमारास बॉन्डायच्या वाळूवर 'व्यायामाला' आलेल्या गर्दीचे फोटो सगळ्यांनी पाहिले. तिथे संचारबंदी नव्हती.

रुग्ण जास्त तिथे बंधने जास्त, असे सरकारचे म्हणणे होते, आणि ते अगदीच पोकळ नव्हते. पश्चिम सिडनीत रुग्णसंख्या खरोखर मोठी होती, माणसे मरत होती. पण नंतर उघड झालेल्या ईमेलमधून दिसले की राज्याच्या मुख्य आरोग्य अधिकारी केरी चांट यांनी ऑगस्टच्या मध्यात सगळ्या महानगरासाठी एकसारखे नियम सुचवले होते. सरकारने वेगळा मार्ग धरला.

आपल्याकडचे वाचक इथे निजामुद्दीन आठवतील. मार्च २०२० मध्ये तबलीगच्या मेळाव्यावरून देशभर जे झाले ते इथे पुन्हा सांगत नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २१ ऑगस्ट २०२० रोजी २९ परदेशी नागरिकांवरचे गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा बनवल्याचे निरीक्षण नोंदवले, एवढे पुरे. आपल्या महाराष्ट्रातला हा निकाल आहे. तो मुळातून वाचावा.

पण आठवण इथेच थांबवली तर ती अर्धवट राहील. त्याच मार्च महिन्यात एअर इंडियाला जाहीर निवेदन काढावे लागले होते. वुहान आणि रोमसारख्या शहरांतून अडकलेल्या भारतीयांना घेऊन येणाऱ्या क्रूला त्यांच्याच सोसायट्यांत वाळीत टाकले जात होते, त्यांच्या घरी जाऊन त्रास दिला जात होता. ती माणसे कोणत्याही एका धर्माची नव्हती. आपल्यातही असे व्हॉट्सॲप मेसेज पुढे ढकलणारे होते. 'अमुक मजल्यावर हवाईसुंदरी राहते, सांभाळा' हे वाचून किती जणांनी तो मेसेज पुसला? आपल्यावर आळ आला की न्याय मागायचा आणि दुसऱ्यावर आला की अंतर राखायचे, हे चालणार नाही. आपला प्रश्न प्रत्येक वेळी तोच हवा: नियम कुणी केला, फट कुठे राहिली, ती माहीत असून कुणी बुजवली नाही.

काहींना यात कामगाराला मोकळे सोडण्याचा वास येईल. तसे नाही. हाँगकाँगमध्ये डिसेंबर २०२१ मध्ये कॅथे पॅसिफिकच्या दोन केबिन कर्मचाऱ्यांनी घरी थांबायचे असताना बाहेर पडून नियम मोडल्याचा आरोप झाला आणि त्यांना अटक झाली. नियम मोडला तर जबाब द्यावाच लागेल. पण त्या शहरातली दुसरी बाजूही बघा. तिथे कित्येक पायलटांनी महिनोन्‌महिने उड्डाण, मग हॉटेलची खोली, मग पुन्हा उड्डाण असे काढले. माणसाला इतके ताणणारा नियम कागदावर कडक दिसला, तरी तो मोडण्याची सोय त्याच्या आतच असते.

सिडनीच्या दंडांचे पुढे काय झाले तेही सांगतो. महामारीच्या काळात न्यू साउथ वेल्समध्ये साठ हजारांहून अधिक दंडाच्या नोटिसा दिल्या गेल्या. एका कायदा मदत केंद्राच्या साहाय्याने काही सामान्य माणसे सर्वोच्च न्यायालयात गेली. तिकडे राज्याच्या वरच्या न्यायालयाला हेच नाव आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये सरकारने कबूल केले की नोटिशीत गुन्हा नेमका कोणता हे पुरेसे लिहिलेलेच नव्हते. ३३,१२१ दंड मागे घ्यावे लागले, आणि दोन वर्षांनी उरलेलेही. ज्यांनी आधीच पैसे भरले होते त्यांना ते परत घ्यायला अर्ज करा, असे कळवण्यात आले.